सेवांतर्गत पोलीस प्रशिक्षण

पोलीस दलात आधीपासून नोकरीत असलेल्या अंमलदार व अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण संस्थेत प्रत्यक्ष हजेरीने घेतले जाणारे अल्पमुदतीचे वर्ग. यालाच बोलण्यात ‘उजळणी’ किंवा सरळ ‘कोर्स’ म्हणतात. भरतीनंतरच्या पायाभूत प्रशिक्षणात नवखा उमेदवार घडवायचा असतो. उजळणीला येणारा हवालदार किंवा फौजदार मात्र ठाण्यात मुरलेला असतो, त्यामुळे हाताला लागलेल्या सवयी सोडवणे हेच इथे निदेशकाचे खरे काम.

प्रत्येक प्रांतात पोलिसांसाठी प्रशिक्षण शाळा असावी, ही शिफारस १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाची. मुंबई इलाख्यातली शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. त्र्यंबक रस्त्यावरची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. उपनिरीक्षक तिथे घडतात. शिपायांसाठी खंडाळा, दौंडजवळचे नानवीज, तुरची, जालना, अकोला अशा ठिकाणी वेगळी विद्यालये आहेत. केंद्राने १९७१ मध्ये पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली, तिचे अध्यक्षपद पोलीस अधिकाऱ्याकडे न देता मा. स. गोरे या समाजशास्त्रज्ञाकडे दिले. कवायतीइतकेच माणसांशी वागणेही शिकवावे लागते, हा विचार तेव्हापासून अभ्यासक्रमात आला. वेळापत्रकात मात्र परेड अजून भक्कम आहे.

तपासाच्या वर्गात सर्वांत मोलाचा असतो सराव-पंचनामा. एका खोलीत घटनास्थळ मांडलेले असते: उपडा पुतळा, लवंडलेला पेला, कोपऱ्यात चाकू. चाकूचे अंतर एकाच भिंतीपासून मोजून भागत नाही. दोन पक्क्या खुणांपासून माप घेतले नाही, तर नंतर तो नकाशात नेमका बसत नाही. रक्ताने ओला झालेला कपडा सवयीने प्लास्टिकच्या पिशवीत जातो आणि निदेशक तिथेच हात धरतो. ओल कोंडली की बुरशी धरते, प्रयोगशाळेच्या हाती मग काय लागणार? कपडा सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा, मग लाखेची मोहोर आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. पुस्तकात हे एका ओळीत येते, पण पिशवीकडे जाणारा हात पुस्तकाने थांबत नाही.

त्याच पंचनाम्यावर पुढे अभिरूप न्यायालय भरवता येते. बचावाचा वकील झालेला शिक्षक आवाज न चढवता विचारतो, “पंचनामा किती वाजता सुरू झाला? स्टेशन डायरीत तुम्ही ठाण्यात परतल्याची वेळ काय आहे?” दोन्ही वेळा एकमेकींवर चढलेल्या निघाल्या, की पाठीमागच्या बाकांवर हशा पिकतो आणि उभ्या असलेल्याला घाम फुटतो. निवेदन पंचनाम्याचीही, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडल्याच्या पंचनाम्याचीही, अशीच उलटतपासणी होते. आरोपीने दाखवलेली जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती असे निघाले, तर त्या ‘शोधा’ला पुराव्यात किंमत उरत नाही. नेहमीचे ठरलेले पंच हा विषय निघाला की वर्ग जरा शांत होतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आणि अख्ख्या पोलीस दलालाच उजळणीची गरज पडली. जुनी कलमे पोलिसांच्या तोंडी बसली होती. ३०२ म्हटले की खून, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता त्या जागी १०३ म्हणायचे. क्रमांक पाठ करायला मोबाइलही पुरतो. झडती-जप्तीचे चित्रीकरण नव्या कायद्याने सक्तीचे केले, ते करताना कॅमेरा कुठे धरायचा आणि मोहोर लागेपर्यंत मुद्देमाल नजरेआड कसा होऊ द्यायचा नाही, हे मात्र करूनच कळते.

राज्याबाहेर खास तपासाचे शिक्षण देणाऱ्या केंद्रीय संस्था आहेत. त्यांतली पहिली १९५७ मध्ये कोलकात्यात निघाली. भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी नोकरीच्या मधल्या टप्प्यांवर हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत परततात.

खरी अडचण सोडण्याची. गणपती, नवरात्र, वारी, निवडणूक यांच्या बंदोबस्तातून माणूस मोकळा करायचा म्हणजे ठाणे प्रमुखाला जड जाते. मग ज्याच्यावाचून अडत नाही त्याचेच नाव कोर्सला जाते, आणि ज्याच्या कपाटात तपासाच्या फायली साचल्या आहेत तो मागेच राहतो. आला, तरी तासाला दोनदा त्याचा मोबाइल थरथरतो: “साहेब, त्या गुन्ह्याचे कागद कुठे ठेवलेत?”