छतातले एलईडी दिवे

छतात भोक पाडून बसवलेला दिवा, ज्याचं फक्त तोंड छताच्या लेव्हलला दिसतं आणि बाकी सगळा भाग वरच्या पोकळीत लपलेला असतो, त्याला कन्सील्ड लाइट म्हणतात. कुणी डाउनलाइट म्हणतं, बारीक झोत टाकणारा असेल तर स्पॉट, चपटा रुंद असेल तर पॅनल. आधी या जागी हॅलोजन असायचे, ते प्रचंड तापायचे आणि वीजही खूप खायचे. मग निळी एलईडी आली, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड घेऊन पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, थर दिला की पांढरा उजेड मिळतो, आणि या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दिवा आवडण्याआधी छताच्या वर किती जागा आहे ते बघायचं. पीओपी किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग असेल तर पोकळी मिळते, पण ती किती खोल आहे ते मोजावंच लागतं, कारण चपटा पॅनल दोनेक सेंटीमीटरमध्ये बसतो आणि मागे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) असलेल्या स्पॉटला त्याच्या कितीतरी पट खोली लागते. नुसता स्लॅब असेल तर त्याला भोकं पाडायच्या भानगडीत पडू नये, सळया असतात आत, तिथे सरळ बाहेरून बसणारा सरफेस लाइट घ्यावा. एलईडी तापत नाही हा गैरसमज आहे, उष्णता पुढे न येता मागे जाते एवढंच, म्हणून मागे हवा खेळायला पाहिजे. वर उष्णतारोधक लोकर पसरलेली असेल तर ती दिव्याला चिकटलेली चालते का हे दिव्याच्या माहितीत बघायचं, नाहीतर लांब ठेवायची.

वॅटवर जाऊ नका, वॅट म्हणजे दिवा खातो किती, देतो किती ते ल्युमेनमध्ये असतं. साधा हिशोब बघा, 10 बाय 12 फुटांची खोली म्हणजे साधारण 11 चौरस मीटर, बसायच्या खोलीला 150 लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला 150 ल्युमेन) धरले तर सुमारे 1,650 ल्युमेन खाली पोचायला हवेत, भिंती-छत काही उजेड गिळतात म्हणून दीडपट धरा, झाले अडीच हजार. वॅटमागे 90 ल्युमेन देणारे 7 वॅटचे चार दिवे घेतले की काम झालं. आणि लोक त्याच खोलीत बारा लावतात!

रंगाचं सांगायचं तर 2700 ते 3000 केल्विन म्हणजे पिवळसर, 4000 मधला, 6500 एकदम पांढराफटक निळसर. कुठलाही घ्या पण एका खोलीत एकच ठेवा. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा, 80 च्या खाली नको, स्वयंपाकघरात आणि आरशापाशी 90 असेल तर भाजीचा आणि चेहऱ्याचा रंग खरा दिसतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या जागा ठरवताना. छताचा नकाशा काढून चौकोनात सारख्या अंतरावर टिंबं द्यायची सवय आहे, छत छान दिसतं, पण उजेड छताला नको असतो, खाली माणूस काय करतो त्याला हवा असतो. ओट्यासमोर उभं राहिल्यावर दिवा डोक्याच्या मागे आला तर आपलीच सावली विळीवर पडते, म्हणून तो ओट्याच्या कडेच्या वर घ्यायचा. आरशासमोर बरोब्बर डोक्यावर स्पॉट असेल तर डोळ्यांखाली काळं दिसतं. पलंगावर आडवं पडल्यावर थेट डोळ्यांत येणारा दिवा तर रोज रात्री शिव्या खातो. आणि पंखा असेल तर दिवा पात्यांच्या वर्तुळाच्या बाहेरच हवा, नाहीतर पाती उजेड कापत राहतात आणि खोलीभर लुकलुक होते, त्याचा दोष बिचाऱ्या दिव्याला जातो. झोताचा कोनही बघायचा, 36 अंशांचा स्पॉट 2 मीटर खाली सुमारे 1.3 मीटरचं वर्तुळ पाडतो, 60 अंशांचा 2.3 मीटरचं. चित्रावर टाकायला पहिला, खोलीभर उजेडाला दुसरा किंवा त्याहून रुंद.

बसवताना कटआउटचं, म्हणजे छतात पाडायच्या भोकाचं, माप बघायचं, बाहेरच्या रिंगचं नाही, हे वाचायला फालतू वाटतं पण भोक मोठं झालं की रिंग त्यातून सरळ खाली येते. आधी बारीक छिद्र पाडून त्यातून वाकडी तार फिरवून बघा, सीलिंगचा चॅनल किंवा वायर आडवी आली तर तिथेच कळतं, मग गोल भोक कापणारा होल सॉ लावा. मेन बंद, टेस्टरने खात्री, मग फेज-न्यूट्रल ड्रायव्हरच्या (घरातल्या एसी विजेचा एलईडीला लागणारा डीसी करणारा डबा) इनपुटला. बहुतेक स्पॉटना ड्रायव्हर वेगळा असतो, त्यातून निघणारा डीसी प्लस-मायनस बघून दिव्याला जोडायचा, मेन्स थेट दिव्याला दिली तर दिवा गेलाच. वायरिंगची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनला द्या. शेवटी दोन्ही स्प्रिंग उभ्या धरून दिवा आत सरकवायचा, बोट सांभाळून. शॉवरजवळ आयपी65 चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारा, दिवा लागतो.

उजेड कमी-जास्त करायचा असेल तर ड्रायव्हर डिमेबल लागतो आणि डिमर त्याला जुळणारा, पंख्याचा रेग्युलेटर लावून बघायचा प्रयोग करू नये. दिवा गेला असं वाटतं तेव्हा बरेचदा एलईडी ठीक असते, ड्रायव्हर गेलेला असतो, तेवढ्याच करंट आणि व्होल्टेजचा दुसरा लावला की दिवा परत सुरू. बटण बंद केल्यावरही दिवा मंद जळत राहिला तर भूत नाही, एकतर बटणातल्या इंडिकेटरमुळे तसं होतं, नाहीतर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेला असतो, आणि दुसरं कारण असेल तर ते लगेच दुरुस्त करून घ्यायचं, कारण बटण बंद असलं तरी त्या दिव्याच्या वायरमध्ये फेज जिवंत असतो.