ओक : बागेतील सावलीसाठी लागवड

ओक किंवा वंजु (क्वर्कस प्रजाती, फॅगेसी कुल) हा उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण प्रदेशांचा दीर्घायुषी वृक्ष. अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्यपश्चिम भागात तो घराच्या आवारात सावलीसाठी लावतात. उन्हाळ्यात दाट सावली मिळते आणि हिवाळ्यात पाने गळाली की ऊन खिडकीपर्यंत येते. महाराष्ट्रात ओक आपणहून उगवत नाही. भारतातला ओळखीचा ओक म्हणजे हिमालयातला बांज. आपल्याकडच्या नर्सरीत मिळणारा सिल्व्हर ओक (ग्रेव्हिलिया रोबस्टा) मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो नावापुरताच ओक, आणि त्याच्या फांद्या वाऱ्यात सहज मोडत असल्याने तो घराला खेटून लावण्याजोगाही नाही.

बागेसाठी दोन गट लक्षात ठेवावे लागतात. तांबड्या ओकच्या गटात पानाच्या पाळ्यांना (कडेच्या खाचांमधल्या भागांना) केसासारखे टोक असते आणि फळ पिकायला दोन हंगाम लागतात. पांढऱ्या ओकच्या गटात पाळ्या गोलसर असतात आणि फळ एकाच हंगामात पिकते. न्यू जर्सीचा राज्यवृक्ष असलेला तांबडा ओक चांगल्या मातीत वर्षाला साधारण ६० सेंमी वाढतो, पांढरा त्याच्या निम्मा. पिन ओक स्वस्त आणि भरभर वाढणारा, पण चुनखडीच्या मातीत त्याला लोह मिळत नाही. मग पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात, आणि औषधाने ते तात्पुरतेच सुधारते. मातीचा सामू (pH) ७ च्या वर असेल तर हे झाड लावूच नये.

बियांपासून रोप करायचे तर देठाकडच्या वाटीसारख्या टोपीतून सहज सुटणारी, जड, ताजी फळे (एकॉर्न) शरद ऋतूत गोळा करावीत. पाण्यात टाकल्यावर तरंगतील ती फेकावीत. बहुतेक आतून किडलेली किंवा वाळलेली असतात. सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक दिसले तर सोंड्या भुंग्याची अळी आतला गर खाऊन बाहेर पडलेली असते. ही फळे वाळली की मरतात, त्यामुळे धान्यासारखी डब्यात भरून ठेवता येत नाहीत. पांढऱ्या ओकचे फळ पडल्यावर लवकरच मूळ टाकते, ते लगेच पेरावे. तांबड्या ओकची फळे ओलसर भुशात, भोके पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये १ ते ५ अंश सेल्सिअसला दोन-तीन महिने ठेवावी लागतात. ती गोठू देऊ नयेत. हा फरक खारींनाही ठाऊक असतो: पांढऱ्याचे फळ पुरण्याआधी करडी खार टोकाकडचा गर्भ कुरतडून टाकते, म्हणजे ते रुजत नाही; तांबड्याचे बहुधा तसेच पुरते.

फळ आडवे, ३ ते ५ सेंमी खोल पेरावे आणि वर बारीक जाळी पक्की करावी, नाहीतर खारी एकही ठेवत नाहीत. कुंडी निदान ३० सेंमी खोल हवी. पान दिसण्याआधीच सोटमूळ तळाला पोचलेले असते. तिथे अडले की गोल फिरू लागते. असे वेटोळे पुढे जाड होऊन खोडालाच आवळते, आणि पंधरा-वीस वर्षांचे झाड विनाकारण वाळू लागते. म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी न्यावे. विकतचे रोप घेताना कुंडीतून काढून मुळे पाहावीत. फार वेढलेली असतील तर ते घेऊ नये.

जागा घराच्या पश्चिमेला किंवा नैऋत्येला, भिंतीपासून ८ ते १० मीटरवर घ्यावी. विजेच्या तारांखाली लावू नये. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल असावा. खोड जिथे रुंद होऊन मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात: खोल लावलेले झाड दोन-चार वर्षे बरे दिसते, मग खोडाची साल कुजते. खड्ड्यात भरपूर खत घातले तर मुळे त्यातच रेंगाळतात. काढलेलीच माती परत भरावी. वर ५ ते १० सेंमी लाकडी भुशाचे आच्छादन पसरावे, मात्र खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज शिंपडल्याने मुळे वरच राहतात. आधाराची काठी वर्षभरात काढावी. गवत कापायच्या यंत्राची दोरी खोडाला लागू देऊ नये.

छाटणी हिवाळ्यातच करावी. मध्यपश्चिमेत एप्रिल ते जुलै आणि टेक्सासमध्ये फेब्रुवारी ते जून ताज्या जखमेच्या वासाने भुंगे येतात आणि ‘ओक विल्ट’ ही बुरशी आणतात. तांबडे ओक काही आठवड्यांत मरतात, आणि शेजारच्या झाडांची मुळे एकमेकांत जुळलेली असल्याने रोग जमिनीखालूनही पसरतो. एरवी जखमेला रंग लावायची गरज नसते, पण या महिन्यांत वाऱ्याने फांदी मोडली तर लगेच लावावा.

फळे धरायला वीस-पंचवीस वर्षे लागतात, आणि काही वर्षी अंगणभर सडा पडतो. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कुत्री, घोडे आणि गुरे आजारी पडतात, त्यामुळे ती झाडून काढावी लागतात.