लैंगिक आरोग्याचे लोकनेतृत्वातील संशोधन, मराठवाडा

लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचे प्रश्न ज्यांना प्रत्यक्ष भोगावे लागतात, त्यांनीच पाहणीचा विषय, प्रश्नांची भाषा, माहिती गोळा करण्याची रीत आणि निष्कर्षांचा उपयोग ठरवावा, अशी सामाजिक संशोधनाची पद्धत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत तिचा संबंध प्रामुख्याने ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया, बालविवाह व कोवळ्या वयातील बाळंतपणे, प्रजननमार्गाचे संसर्ग आणि सरकारी आरोग्यसेवेवरील लोकांची देखरेख यांच्याशी येतो.

संज्ञा : ‘लोकसहभागी’ आणि ‘लोकनेतृत्वातील’ ही विशेषणे अनेकदा एकाच अर्थाने वापरली जातात, पण त्यांत फरक करणे इष्ट. पहिल्या प्रकारात विषय बाहेरच्या संस्थेने ठरवलेला असतो आणि गावकरी माहिती देतात, फार तर ती गोळा करतात. दुसऱ्यात विषय नाकारण्याचा किंवा बदलण्याचा अधिकारही त्यांच्याकडे असतो. या कसोटीवर मराठवाड्यातील बहुतेक काम पहिल्या प्रकारात पडेल आणि थोडे दोहोंच्या सीमेवर.

आरोग्य-समता म्हणजे सर्वांना सारखी सेवा नव्हे. टाळता येण्याजोगे, अनावश्यक आणि अन्याय्य असे आरोग्यातील भेद नाहीसे होणे, ही ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९०च्या सुमारास मांडलेली व्याख्या आजही आधारभूत मानली जाते. मराठवाड्याच्या वाचकाला या कल्पनेसाठी घरचाच शब्द आहे : अनुशेष. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने (अहवाल १९८४) प्रादेशिक असमतोल मोजताना रस्ते, सिंचन, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवाही धरल्या होत्या. मात्र असा अनुशेष सोयींवरून निघतो, आणि स्त्रीने वर्षानुवर्षे सोसलेल्या दुखण्यासाठी त्यात रकाना नसतो. दवाखाना गावापासून किती किलोमीटरवर आहे हे त्यातून कळते. तिथे कंबरेखालचे दुखणे सांगण्याजोगी जागा आहे का, हे कळत नाही.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत तिला बाहेरून आलेली मानते. कुर्ट लेविन यांनी १९४६मध्ये मांडलेले कृतिसंशोधन, ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने १९७७मध्ये कोलंबियातील कार्ताहेना येथे भरलेली सहभागी कृतिसंशोधनाची परिषद आणि राजेश टंडन यांनी १९८२मध्ये दिल्लीत उभारलेली ‘प्रिया’ ही सहभागी संशोधनाची संस्था, असा हा क्रम सांगितला जातो. एचआयव्हीच्या क्षेत्रात बाधित व्यक्तींनी १९८३मध्ये डेन्व्हर येथे केलेली मागणी, निर्णयाच्या प्रत्येक पायरीवर आम्ही हवे, ही या धारेतील महत्त्वाची खूण होय. १९९४च्या पॅरिस परिषदेत तिला सरकारांची मान्यता मिळाली.

दुसरे मत देशी परंपरेवर भर देते. १८७३मध्ये स्थापन झालेला सत्यशोधक समाज आणि र. धों. कर्वे यांचे समाजस्वास्थ्य (१९२७–५३) हे मासिक यांकडे ते बोट दाखवते. कर्वे यांनी वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरे दिली हे खरे, पण ते संशोधन नव्हते, तज्ज्ञाने केलेले लोकशिक्षण होते. शिवाय मराठवाडा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने पुण्या-मुंबईच्या चळवळींचा थेट धागा इथवर आणणे अवघड जाते.

तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसार या कामाचे मूळ गावातल्या आरोग्य-कार्यकर्तीत आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जामखेड प्रशासकीयदृष्ट्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात असले, तरी बीडच्या आष्टी-पाटोद्याला लागून आहे. गावानेच निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर व दलित स्त्रिया तिथे आपल्या गावाच्या आजारांची नोंद ठेवू लागल्या. प्राथमिक आरोग्यसेवेची अल्मा-आटा घोषणा त्यानंतर आठ वर्षांनी, १९७८मध्ये झाली. पुढे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या ‘भारतवैद्य’ स्त्रियांनी याच वळणाचे काम केले. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या ‘संवाद सहायक’ स्त्रियांनी घरोघर जाऊन विचारपूस करण्याची, ते लिहून ठेवण्याची आणि अधिकाऱ्यापुढे मांडण्याची सवय गावात रुजवली. हे काम घरबांधणीचे होते, आरोग्याचे नव्हे. तरी पुढच्या आरोग्यगटांना माणसे आणि धीटपणा बव्हंशी तिथूनच मिळाला असावा.

भाषेचा प्रश्न : या संशोधनाचा सर्वांत मोलाचा, आणि बाहेरून येणाऱ्याच्या सहसा ध्यानात न येणारा, भाग भाषेचा आहे. छापील प्रश्नावलीत ‘योनिस्राव’, ‘लैंगिक संबंध’, ‘जननेंद्रिय’ असे शब्द असतात. गावातली बाई ‘अंगावरून जातंय’ म्हणते. त्याचा अर्थ पाळीत फार रक्त जाणे असाही होतो आणि पांढरे जाणे असाही. ‘लाल की पांढरं?’ हा पुढचा प्रश्न विचारला नाही, तर दोन वेगळे आजार एकाच रकान्यात पडतात. पांढऱ्यासाठी काही भागांत ‘धुपणी’ म्हणतात. ‘अंग बाहेर येणे’ म्हणजे गर्भाशय खाली सरकणे. लैंगिक संसर्गांना जुनी माणसे ‘गरमी’, ‘परमा’ म्हणतात आणि ‘गुप्तरोग’ हा शब्द भिंतीवरच्या जाहिरातींनी इतका बदनाम केला आहे की तो उच्चारताच बोलणे थांबते.

याहून अवघड शब्द आहे ‘आजार’. ‘तुम्हाला काही आजार आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते, कारण अंथरुणाला खिळल्याशिवाय त्याला आजार म्हणायचे नाही. तीच बाई थोड्या वेळाने ‘हे दुखणं पाच वर्षं अंगावर काढलं’ असे सांगते. अंगावर काढणे ही क्रिया प्रश्नावलीत नसेल, तर तो सारा काळ नोंदीतून निसटतो. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली (प्रसिद्धी १९८९). ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. तक्रार मात्र सुमारे ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास विदर्भातला आणि वैद्यकीय तपासणीवर बेतलेला असला, तरी सांगितलेले व असलेले यांतली दरी दाखवणारा म्हणून मराठवाड्यातील कार्यकर्ते त्याचा आधार घेतात.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागते. पांढरे जाणे म्हणजे दर वेळी संसर्ग नव्हे. अतिश्रम, काळजी आणि अशक्तपणा यांचे गाऱ्हाणेही बाई याच शब्दांत मांडते. केवळ लक्षणावरून औषध देण्याच्या पद्धतीवर याच कारणाने टीका झाली आहे. म्हणून गावातील गट आधी शब्दांची यादी करतात. जमिनीवर रांगोळीने बाईची आकृती काढायची, दुखते तिथे जोंधळ्याचे दाणे ठेवायचे आणि प्रत्येक जागेला आपल्याकडे काय म्हणतात ते म्हातारीपासून सुनेपर्यंत साऱ्यांनी सांगायचे. दाणे कंबर व ओटीपोटावर साचत गेले की ज्या बायका बोलत नव्हत्या त्याही मूठ उघडतात. तोंडाने सांगता येणार नाही अशा प्रश्नांसाठी, उदाहरणार्थ नवऱ्याकडून होणारी जबरदस्ती, पडद्याआड ठेवलेल्या मडक्यात ‘हो’ किंवा ‘नाही’चा दाणा टाकायचा. कोणाचा कोणता हे कळत नाही, गावाचा आकडा कळतो.

गर्भपिशवीचा प्रश्न : बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९मध्ये देशभर गाजले. तत्कालीन विधान परिषद उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचे आढळले, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. एका छोट्या पाहणीतला ३६ टक्क्यांचा आकडाही वृत्तपत्रांतून फिरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५–१६) १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण देशात ३.२ आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. हे आकडे एकाशेजारी एक ठेवताना जपावे लागते : वयोगट वेगळे, निवड वेगळी, एक पाहणी एका कामगारवर्गाची तर दुसरी सर्व घरांची. १७ टक्क्यांचा आकडा मोठ्या संख्येवर आधारलेला असल्याने तो जास्त विश्वसनीय धरावा. तोही राज्याच्या सरासरीच्या सहापट आहे, आणि ही तफावत वयोगटातल्या फरकाने भरून निघण्यासारखी नाही.

कारणांविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार हा कामाच्या दडपणाचा परिणाम. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून हंगामाआधीच ‘उचल’ (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कामाला न गेल्यास ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात. तेव्हा पाळीचा त्रासच नको, म्हणून पिशवी काढली जाते. वृत्तपत्रांनी हेच कारण उचलून धरले, आणि त्यात तथ्य आहे. पण स्त्रियांच्या गटांनी जे स्वतः नोंदवले त्याचा रोख बहुतांशी दुसरीकडे आहे. लग्न लवकर, बाळंतपणे लवकर, पंचविशीच्या आत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. मग फडात पहाटेपासून वाकून तोडणी, डोक्यावर मोळ्या, कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) पाणी नाही, संडास नाही, पाळीचे कापड उन्हात वाळवायची सोय नाही. दुखणे खरे असते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ भेटत नाही, खाजगीत ‘पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते आणि बाई कर्ज काढून टेबलावर जाते. देशातही अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश खाजगी रुग्णालयांत झाल्याचे वरील राष्ट्रीय पाहणी सांगते. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या मताकडे झुकते. पहिले मत बाईला पाळी टाळणारी मजूर ठरवते, दुसऱ्यात ती उपचार न मिळालेली रुग्ण असते, आणि उपाय कुठे करायचा हे त्यावरच ठरते.

२०१९नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत मजुरी, उचल, निवारा व आरोग्य हे प्रश्न एकत्र घेतले, हे या संशोधनातील महत्त्वाचे पाऊल होय.

बालविवाह : राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९, परभणीत ४८ आणि बीडमध्ये ४३.७ टक्के आढळले. कोयता जोडीचा असल्याने लग्नाशिवाय पूर्ण उचल नाही, हे एक कारण. मुलीला कोपीत एकटी कशी ठेवायची, ही आईची भीती हे दुसरे. पैठण तालुक्यातील पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालवला. १९९७ ते २००१ या काळात कार्यक्रमाच्या गावांत मुलींच्या विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेल्याचे नोंदले गेले. एका वर्षाची ही वाढ कायद्याच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही. तरी मुलीच्या हिशेबात ते शिक्षणाचे एक वर्ष असते.

लोकाधारित देखरेख : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात २००७मध्ये आरोग्यसेवांवर लोकांनी देखरेख ठेवण्याचा उपक्रम पाच जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत उस्मानाबाद हा मराठवाड्यातील एकमेव जिल्हा होता. गावसमिती प्राथमिक आरोग्य केंद्राची माहिती घेते, प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा वा लाल रंग देते आणि जनसुनवाईत ती पत्रके अधिकाऱ्यांसमोर ठेवते. बाळंतपण, औषधांचा तुटवडा, पैशांची मागणी यांवर त्यात उघड बोलले जाते. गर्भपात, गर्भनिरोधनाचा दबाव आणि लैंगिक संसर्ग हे विषय भर सभेत येत नाहीत. त्यासाठी बायकांची वेगळी बैठक आणि तिचे निष्कर्ष नाव न घेता वाचून दाखवणारी कार्यकर्ती लागते.

नीती : चाळीस घरांच्या तांड्यावर ‘बावीस वर्षांची, माहेरी परत आलेली’ एवढे लिहिले तरी नाव लिहिल्यासारखेच होते. गावची माणसेच माहिती गोळा करणार असतील तर धोका वाढतो, कारण विचारणारी कुणाची तरी जाऊ वा नणंद असते. म्हणून पुष्कळ ठिकाणी शेजारच्या गावची कार्यकर्ती येते. कायद्याचीही अडचण आहे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील व्यक्तीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कार ठरतो. त्यामुळे सतरा वर्षांची विवाहित मुलगी ना दवाखान्यात वय सांगते, ना पाहणीत.

पाहणीची वेळ हाही नीतीचाच भाग मानावा. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ऊसतोड गावांत म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच उरतात. त्या महिन्यांत घेतलेल्या माहितीत फडातली बाई नसते.

इतर गट : देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी स्वतः चालवलेल्या कामाचे राज्यातील ठळक उदाहरण सांगलीतील संग्राम ही संस्था (१९९२) आणि त्यातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद (१९९६) हे होय. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे ‘सेवालय’ आहे. तृतीयपंथी व्यक्तींना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालाने आणि समलिंगी व्यक्तींना कलम ३७७वरील ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने कायदेशीर आधार मिळाला. पुरुषांच्या लैंगिक आरोग्याचा विचार बहुतेक वेळा ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यातील एचआयव्ही प्रतिबंधापुरताच झाला आहे.