साक्ष द्यायची आहे, पण भीती वाटते? बेळगाव भागातल्या साक्षीदारांनी संरक्षणाचा अर्ज कसा करायचा

एका तारखेला मी एका आजींसोबत कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते. समोरच्याच बाकावर आरोपीचा भाऊ. त्यानं आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "आजी, मिरग तोंडावर आलाय. पोरगा एकटाच जातोय न्हवं शेताकडं?" आजींनी पदराचा शेव मुठीत धरला तो साक्ष संपेपर्यंत सोडला नाही. आत जाऊन त्या म्हणाल्या, "मला काय आठवत न्हाई." अशा साक्षीदाराला आपण फितूर म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्यासाठी अर्जाची सोय होती आणि ती त्यांना कुणीच सांगितली नव्हती, हे मला फार लागलं.

ही सोय म्हणजे साक्षीदार संरक्षण योजना, 2018. महेंदर चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी ती मान्य केली आणि देशभर लागू केली. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी तपास आणि खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम 398 नुसार आता प्रत्येक राज्याने अशी योजना अधिसूचित करायची आहे.

कोणाला मिळते

2018 च्या योजनेत फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षे व त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे येतात. विनयभंग, लैंगिक छळ, पाठलाग असे महिलांविरुद्धचे काही गुन्हेही त्यात आहेत. धमकीचे तीन वर्ग आहेत. साक्षीदाराच्या किंवा घरच्यांच्या जिवाला धोका असेल तर 'अ', सुरक्षितता, अब्रू किंवा मालमत्तेला धोका असेल तर 'ब', आणि त्रास देणे, दमदाटी करणे हा 'क'. म्हणजे कोयता दिसला तरच अर्ज करायचा, असं नाही.

अर्ज कुठे, कोणी करायचा

जिल्ह्याची एक समिती असते. जिल्हा व सत्र न्यायाधीश तिचे अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य आणि जिल्ह्यातील सरकारी वकिलांचे प्रमुख सदस्य सचिव. अर्ज या सदस्य सचिवांमार्फत जातो. साक्षीदार स्वतः, घरचं माणूस, वकील किंवा तपास अधिकारी, यांपैकी कोणीही तो करू शकतो. ठाण्यात जाऊन "साहेब, जरा लक्ष ठेवा" म्हणणं हा अर्ज नव्हे. लेखीच द्या, आणि समन्स येण्याची वाट बघू नका. तपास चालू असतानाही अर्ज करता येतो.

अर्जात साक्षीदाराचं नाव, वय, पत्ता, धोका असलेल्या घरच्यांची नावं, गुन्हा क्रमांक, कलमं, पोलीस ठाणे, आरोपीची माहिती आणि धमकी देणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. सगळ्यांत मोलाचा रकाना धमकीचा. तारीख, जागा, कशी दिली आणि नेमके शब्द. इथे "धमकावले" असं एका शब्दात उरकू नका. वर आजींना ऐकवलेलं वाक्य जसंच्या तसं मराठीतच लिहा आणि खाली कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. नुसतं भाषांतर केलं तर ती शेतीची चौकशी वाटेल. सोबत एफआयआरची प्रत, ओळखपत्र, समन्स आलं असेल तर तेही, आणि फोनवरचे मेसेज किंवा कॉल रेकॉर्डिंग असेल तर ते ठेवा. खोटी माहिती दिल्यास संरक्षणाचा खर्च वसूल होऊ शकतो, तसं हमीपत्रच असतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

पुढे काय होतं

समिती पोलिसांकडून धोका विश्लेषण अहवाल मागवते. तो त्या उपविभागाचे वरिष्ठ पोलीस अधिकारी (डीवायएसपी किंवा एसीपी) पाच कामकाजाच्या दिवसांत देतात, आणि अहवाल आल्यावर आणखी पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हायचा असतो. प्रकरण तातडीचं असेल तर त्याआधीच अंतरिम, म्हणजे निर्णय होईपर्यंतचं, संरक्षण मिळू शकतं, म्हणून अर्जात ते वेगळं मागा. सुनावणी बंद दाराआड होते. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत फेरविचार अर्ज.

घराभोवती गस्त, कोर्टात ने-आण करायला सरकारी गाडी व पोलीस, फोन नंबर बदलून देणे, काही दिवस नातेवाइकांकडे किंवा जवळच्या गावी राहण्याची सोय, असं बरंच काही मागता येतं. आपल्याकडे खानापूर-निपाणीच्या बऱ्याच घरांची सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, कागलला असते. तिकडे राहायला जाणार असाल तर तो पत्ताही अर्जात घाला. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं असतं.

साक्षीच्या दिवशी

मुलं, लैंगिक अत्याचाराचे पीडित, मानसिक आजार असलेले, बोलण्या-ऐकण्याची किंवा इतर दिव्यांगता असलेले आणि धमकीखाली असलेले, हे सगळे असुरक्षित साक्षीदार. सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2022 रोजी ही व्याख्या रुंदावली आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्यासाठी वेगळं साक्ष केंद्र सांगितलं. आरोपी समोर न दिसणं, पडदा, वेगळी वाट, सोबत विश्वासाचं माणूस, हे सरकारी वकिलांमार्फत खटला चालवणाऱ्या कोर्टाकडे आधीच मागा. पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खटल्यात तर वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचेच नसतात, ते न्यायाधीशांमार्फत जातात. मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नसतं.

आणि भाषा. मराठीत सांगितलेली साक्ष कन्नड किंवा इंग्रजीत उतरली जाते. संहितेच्या कलम 313 नुसार ती साक्षीदाराला समजेल अशा भाषेत सांगावीच लागते. "मला मराठीत सांगा" म्हणायला लाजू नका. चूक दाखवली तर न्यायाधीश ती दुरुस्त करू शकतात किंवा तुमची हरकत नोंदवून ठेवतात. ऐकून झाल्याशिवाय "बरोबर आहे" म्हणू नका.