जिप्सीसाठी जुना गिअरबॉक्स घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

नमस्कार. आमचं छोटं वर्कशॉप ठाण्यात वागळे इस्टेटला आहे, आमच्याकडे येणाऱ्या गाड्या म्हणजे बहुतेक मारुतीच्या जिप्सी, अधूनमधून एखादी महिंद्राची एमएम ५४० किंवा त्याहून जुनी जीप. एक गोष्ट सारखी बघतोय म्हणून हे लिहायला घेतलं. कस्टमर गाडी घेऊन येतो, मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेला गिअरबॉक्स असतो, आणि म्हणतो दादा हा फक्त बसवून द्या, विकणाऱ्याने सांगितलंय एकदम रनिंग कंडिशन आहे. आम्ही उघडतो आणि आत बघितल्यावर त्या माणसाला काय सांगायचं हेच कळत नाही, कारण पैसे तर गेलेले असतात आणि त्यातच कधी कधी त्याने स्वतःचा बॉक्स एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला असतो, जो बहुतेक वेळा आणलेल्या बॉक्सपेक्षा चांगला असतो.

म्हणून सगळ्यात आधी एवढंच सांगतो, जुना बॉक्स म्हणजे तयार वस्तू नाही, तो कच्चा माल आहे. त्यातून चांगला बॉक्स बनवता येतो, पण बनवावा लागतो. आणि तुमच्या गाडीतला मूळ बॉक्स कितीही आवाज करत असला तरी तो कुणाला देऊ नका, आमच्या कामात तो अर्धं सोनं असतो.

आधी नक्की गिअरबॉक्सच गेलाय का

गिअर टाकताना कर्र आवाज येतो म्हणून बॉक्स बदलायला निघालेले खूप लोक येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची क्लचची केबल ॲडजस्ट केली की काम होऊन जातं. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो, केबल ताणली किंवा आतून गंजली की पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज तासभर क्लच दाबून दाबून केबल आणि क्लच प्लेट दोघांचीही वाट लागते. घरीच करून बघण्यासारखी टेस्ट सांगतो: गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी दोघांचा वेग सारखा करणारी पितळी रिंग) नसतो, पण एवढ्या वेळात आतले शाफ्ट थांबायला पाहिजेत, त्यामुळे तरीही कर्र झालं तर क्लच सुटत नाहीये, बॉक्सला हात लावायची गरज नाही. रिव्हर्स गुपचूप पडला आणि चालत्या गाडीत फक्त दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला कर्र होतंय तर मात्र त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असायची शक्यता जास्त.

आवाजाचं पण तसंच आहे, नीट ऐकलं तर आवाज स्वतःच सांगतो कुठून येतोय. गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला आणि घरघर येतेय, क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून बॉक्समध्ये येणारा) किंवा काउंटर शाफ्टचं (आत समांतर फिरणारा) बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, तेही काम बॉक्स उतरवूनच होतं पण खर्च एकदम कमी. चालत्या गाडीत पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्याला आवाज आहे आणि चौथ्याला जवळजवळ जातो असं असेल तर काउंटर शाफ्टकडे बघा, कारण पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा डायरेक्ट असतो, इनपुटवरून पॉवर सरळ बाहेर जाणाऱ्या मेन शाफ्टवर जाते आणि काउंटर शाफ्ट फिरतो खरा पण लोड घेत नाही. आणि गाडी चालताना सगळ्याच गिअरला सारखाच आवाज, उभ्या गाडीत काहीच नाही, तर आधी ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना पॉवर वाटणारी पेटी, तपासायची. जिप्सीत ती वेगळी असते, मध्ये एक छोटा शाफ्ट असतो, आणि तिच्यात हायला (नेहमीच्या रेंजला) सुद्धा पॉवर गिअरमधूनच जाते त्यामुळे थोडा गुणगुणाट तिचा स्वभावच आहे, त्याला घाबरू नका.

गिअर लिव्हर खिचडीत चमचा फिरवल्यासारखी सैल लागत असेल तर बऱ्याचदा लिव्हरच्या बुडाशी असलेला प्लास्टिकचा बुश गेलेला असतो. छोटासा पार्ट आहे, वरूनच बदलतो, बॉक्स उतरवावाही लागत नाही.

जी तक्रार आम्ही गंभीर धरतो ती म्हणजे गिअर निसटणं. माळशेज उतरताना दुसऱ्यात इंजिनवर गाडी रोखून धरलीय आणि लिव्हर आपोआप न्यूट्रलला आली, म्हणजे त्या क्षणी इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेकवर. असं होत असेल तर गाडी घाटात नेऊ नका, आमच्याकडेच आणा असं नाही, कुठेही दाखवा पण आधी दाखवा.

बॉक्स शोधायचा तर कुठला आणि कुठे

जिप्सी १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ पासून १.३ लिटर इंजिन आणि पाच गिअर आले. लोक फोनवर नुसतं "जिप्सीचा बॉक्स आहे का" विचारतात आणि समोरचा हो म्हणतो, त्याच्या दृष्टीने तो खोटं पण बोलत नसतो. तुमच्या गाडीचं वर्ष सांगा, गिअर किती ते सांगा, आणि शक्य असेल तर आपला बॉक्स खाली उतरवून नव्याच्या शेजारी उभा करून बघा, लांबी, इनपुट शाफ्टचे दाते, माउंटिंगची भोकं, लिव्हरची जागा. लांबीत फरक निघाला तर पुढे शाफ्ट बदलावा लागतो, म्हणजे कामातून काम निघत जातं.

२०१९ मध्ये साध्या ग्राहकांसाठी जिप्सी बंद झाली, त्यामुळे आता बॉक्स मिळतो तो उतरवलेल्या गाड्यांचाच. जवळ म्हणजे कुर्ल्याचा बाजार, लांबून दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. आर्मीच्या रिटायर गाड्या लिलावात निघतात, त्यांचेही बॉक्स फिरत असतात. आर्मीचा माल म्हणजे भारी असा एक समज आहे, तो अर्धाच खरा, त्या गाड्यांचा मेंटेनन्स वेळच्या वेळी होतो हे बरोबर, पण लिलाव झाल्यावर ती गाडी मैदानात किती पावसाळे उभी होती हे कोणी सांगत नाही. एका कस्टमरने असाच लांबून बॉक्स मागवला होता, बाहेरून चकाचक, रंग मारलेला. उघडला तर आतल्या गिअरवर आडवी रेघ, रेघेच्या खालचा भाग ऑइलमध्ये बुडालेला म्हणून आरशासारखा आणि वरचा सगळा गंजलेला. लिव्हर काढून घेतली होती, भोक उघडं, पावसाचं पाणी सरळ आत. बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडलेले. त्यातून आम्हाला केस आणि गिअर सरकवणारे दोन फोर्क एवढंच वापरता आलं.

म्हणून घ्यायला जाताना टॉर्च घेऊन जा आणि लिव्हरच्या भोकातून आत बघा. ड्रेन प्लग खोलून थोडं ऑइल बोटावर घ्या. करड्या रंगाची बारीक पेस्ट असणं नॉर्मल आहे, चमचमणारे पिवळे कण म्हणजे सिंक्रोचं पितळ, आणि हाताला टोचणारा तुकडा आला तर दात तुटलाय, सोडून द्या. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. ऑइल अजिबात नसेल तर त्याला विचारा कधी काढलं, उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. इनपुट शाफ्ट हातात धरून वर-खाली हलवा, किंचित हलणं चालतं, टकटक नाही. सगळे गिअर हाताने टाकून शाफ्ट फिरवा. केसचे कान, म्हणजे जिथे बोल्ट बसतात ते, तुटलेले किंवा वेल्डिंग केलेले आहेत का ते बोट फिरवून बघा कारण रंगाखाली वेल्डिंग लपतं.

आणि बिल घ्या. आरसीवर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे बॉक्स कुठल्या गाडीचा हे नंतर सिद्ध करणं अवघड. कच्च्या चिठ्ठीवर, कुठून आला ते न सांगणाऱ्याकडून, फार स्वस्तात मिळणारा बॉक्स आम्ही बसवत नाही, कस्टमर नाराज झाला तरी नाही.

उघडल्यावर आम्ही काय करतो

आम्ही तुमचा बॉक्स आणि आणलेला बॉक्स दोन्ही उघडतो. डिझेलने धुवून दोन टेबलांवर मांडतो आणि तुम्हाला बोलावतो, वेळ काढून याच, फोटोत दाताची झीज कळत नाही. मग दोन्हीतलं चांगलं ते निवडायचं. पण इथे एक पथ्य आहे, एकमेकांत फिरलेले गिअर जोडीनेच ठेवायचे. मेन शाफ्टचा तिसरा एका बॉक्समधला आणि काउंटर शाफ्ट दुसऱ्यातला असं केलं तर दोन्ही दिसायला चांगले असूनही आवाज करतात कारण त्यांचे दात वेगवेगळ्या जोडीदाराबरोबर झिजलेले असतात.

सिंक्रो रिंग गिअरच्या कोनवर (शंकूसारख्या भागावर) दाबून मधली फट फीलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या मापाने, मोजतो. नवीन रिंगला ती १ मिमीच्या वर असते, अर्धा मिमीच्या खाली आली की रिंग बाद. जगात हीच गाडी सामुराई, एसजे ४१३ अशा नावांनी विकली गेलीय त्यामुळे बाहेरचे किटही मिळतात, पण जुन्या रिंगशी दात आणि कोन ताडून बघितल्याशिवाय ते आम्ही वापरत नाही.

सुरुवातीच्या काळात आमच्याकडून एक चूक झाली ती मुद्दाम सांगतो. दुसरा गिअर निसटत होता, आम्ही रिंग बदलली, बेअरिंग बदललं, बॉक्स बसवून दिला. दोन महिन्यांत गाडी परत, तीच तक्रार. गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या स्लीव्हच्या आतल्या दातांची टोकं गोल झाली होती आणि फोर्क एका बाजूने झिजला होता, ते आम्ही चालेल म्हणून ठेवलं होतं. पुन्हा उतरवून स्वतःच्या खर्चाने केलं. तेव्हापासून गिअर निसटण्याची तक्रार असेल तर हब, स्लीव्ह, गिअरचे छोटे दात, फोर्क, गिअर जागेवर धरणारी रॉडवरची गोळी आणि तिची स्प्रिंग, आणि शाफ्टचा मागे-पुढे प्ले हे सगळं एकत्रच बघतो, त्यातलं एक जरी सोडलं तरी गिअर पुन्हा निसटू शकतो. बॉक्स उघडलाच आहे तर बेअरिंग आणि ऑइल सील सगळी नवीन, यात आम्ही घासाघीस करत नाही. जुनं सील काढलं की ते परत बसवायचं नसतंच. बेअरिंगवर कोरलेला नंबर तुम्हाला दाखवून घेतो, जुनं बेअरिंग पिशवीत घालून परत देतो. आणि बॉक्स खाली असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग बघून घ्या असं सांगतो, इंजिनचं मागचं सील गळत असेल तर तेही, नाहीतर त्याच कामासाठी लेबर दुसऱ्यांदा द्यावं लागतं.

तीन गिअरच्या जुन्या जीपवाल्यांसाठी एक ओळ, त्या टी-९० बॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो मुळातच नाही, चालत्या गाडीत पहिला टाकताना कर्र झालं तर तो बिघाड नाही, गाडी थांबवून टाका किंवा डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबणं) शिकून घ्या.

ऑइल आणि पाणी

जिप्सीच्या बॉक्समध्ये जीएल-४ ग्रेडचं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० ऑइल घालतो. गिअरबॉक्सला सुमारे १.३ लिटर, ट्रान्स्फर केसला वेगळं, सुमारे ०.८ लिटर. दुकानदार जीएल-५ हे वरच्या नंबरचं म्हणजे जास्त चांगलं असं सांगून देतो, ते डिफरन्शियलला ठीक, पण त्यातली केमिकल सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत आणि ते निसरडं असल्याने रिंगची पकडही कमी होते. घरी ऑइल बदलणार असाल तर आधी भरायचा प्लग उघडतोय ना ते बघा आणि मगच ड्रेन प्लग खोला, भरायचा प्लग जाम निघाला तर रिकामा बॉक्स घेऊन रस्त्यात अडकाल.

पावसाळ्यात पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी ब्रीदरकडे, म्हणजे बॉक्समधली हवा आत-बाहेर जायच्या छोट्या भोकाकडे, लक्ष द्या. तापलेला बॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आम्ही रिबिल्ड करताना ब्रीदरला रबरी पाइप लावून वर बोनेटखाली नेतो, कितीतरी बॉक्स यानेच वाचले असते. गुडघाभर पाण्यातून आलात तर आठवड्याच्या आत ऑइल बघून घ्या, दोन्ही एक्सलचं पण.

खर्च आणि वेळ

पार्ट्सचा एकच रेट आधीच सांगता येत नाही, आणि बॉक्स न बघता फोनवर कोणी सांगितला तर आत नक्की काय बदलणार ते त्याला विचारा. आमच्याकडे दोन टप्पे आहेत. उतरवून, उघडून, तपासायचं लेबर ठरलेलं आहे ते काउंटरवर लिहून लावलंय. त्यानंतर काय बदलायचं त्याचं लेखी एस्टिमेट, तुम्ही हो म्हटल्यावर पुढचं काम. नाही म्हणालात तर बॉक्स सुटे भाग मोजून पेटीत परत. पार्ट हातात असतील तर सात-आठ दिवस पकडा, रिंग किंवा गिअर मागवायचा असेल तर तो येईपर्यंत थांबावं लागतं, आणि जून तोंडावर असताना सगळेच येतात म्हणून शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये गाडी द्या.

गाडी नेल्यावर पहिले ५०० किलोमीटर जरा सांभाळून, गिअर घाईने ओढायचे नाहीत, टोचन लावून दुसऱ्याची गाडी ओढायची नाही. ५०० झाले की परत या, नवीन रिंग बसताना थोडा चुरा निघतोच, ते ऑइल काढून दुसरं भरतो, त्याचं लेबर घेत नाही, फक्त ऑइलचे पैसे. येताना कुठल्या गिअरला, किती स्पीडला, थंड की गरम असताना काय जाणवलं ते मोबाइलमध्ये लिहून आणा, आवाज रेकॉर्ड केला असेल तर फारच छान.