सामुदायिक आरोग्य केंद्रांतील सेवागुणवत्ता (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

डॉक्टरांची वानवा असलेल्या आणि गरीब वस्त्यांत संघराज्य सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या बाह्यरुग्ण केंद्रांतील उपचारांचा दर्जा, तसेच तो मोजण्याच्या व सुधारण्याच्या पद्धती. अशी केंद्रे चालवणाऱ्या सुमारे १,४०० संस्था असून त्यांच्याकडे वर्षाला ३ कोटींहून अधिक रुग्ण येतात. भारतातील याच नावाचे ३० खाटांचे केंद्र हा निराळा प्रकार होय.

केंद्रांचा उगम कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. सर्वसाधारणपणे डिसेंबर १९६५ हा प्रारंभ मानतात. जॅक गायगर व काउंट गिब्सन या टफ्ट्स विद्यापीठातील डॉक्टरांनी त्या महिन्यात बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट या सरकारी गृहवसाहतीत दारिद्र्यविरोधी मोहिमेच्या निधीतून केंद्र उघडले. मिसिसिपीतील माउंड बायू येथील त्यांचे ग्रामीण केंद्र १९६७ च्या सुमारास सुरू झाले. काही अभ्यासक मात्र याची मुळे सिनसिनाटी शहरात शोधतात. तेथे विल्बर फिलिप्स यांनी १९१७ ते १९२० या काळात गल्लीगणिक प्रतिनिधी नेमून आरोग्यसेवा चालवण्याचा प्रयोग केला होता. रहिवाशांच्या सहभागाचे साम्य ठळक असले, तरी तो प्रयोग आणि साठच्या दशकातील केंद्रे यांना जोडणारा सलग धागा दाखवणे अवघड आहे. दक्षिण आफ्रिकेचा दुवा अधिक भक्कम वाटतो. नाताळ प्रांतातील फोलेला येथे सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० पासून केंद्र चालवले आणि गायगर यांनी विद्यार्थिदशेत, १९५७ मध्ये, तेथे काम केले होते. पुढे ते स्वतः याचे ऋण सांगत. फोलेलात घरोघर पाहणी करून कोणत्या कुटुंबात काय आजार, काय आहार याची नोंद ठेवत. दवाखान्याची पायरी कधीच न चढलेला माणूसही त्यामुळे हिशेबात येई. गुणवत्तेच्या पुढील सगळ्या वादात हा मुद्दा पुन्हापुन्हा डोके वर काढतो.

माउंड बायूची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तेथील डॉक्टर कुपोषित मुलांसाठी चिठ्ठीवर औषधाऐवजी अन्न लिहून देत, किराणा दुकानदार ते पुरवत आणि खर्च केंद्राच्या औषध-खात्यावर पडे. वरून हरकत आली, तेव्हा कुपोषणावर वैद्यकाच्या पुस्तकात अन्न हाच इलाज दिला आहे, असे उत्तर गायगर यांनी दिले.

१९७५ च्या कायद्याने केंद्रांना सार्वजनिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ३३० मध्ये कायमचे स्थान मिळाले. नियामक मंडळातील निम्म्याहून अधिक, किमान ५१ टक्के, सदस्य केंद्राचेच रुग्ण असावे लागतात. शुल्क उत्पन्नानुसार ठरते. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सवलत मिळते. १९८९ च्या कायद्याने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतून खर्चाधारित मोबदला मिळू लागला.

ही केंद्रे ज्या ‘वंचित’ भागांसाठी असतात, ते कोणते म्हणावेत यासाठी सत्तरच्या दशकात एक निर्देशांक रचला गेला. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक सेवेचे डॉक्टर, अर्भकमृत्युदर, दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण आणि ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण या चार घटकांना भारांक देऊन ० ते १०० पर्यंत गुण काढतात. ६२ किंवा त्याहून कमी गुण पडल्यास तो भाग वैद्यकीयदृष्ट्या वंचित ठरतो. दवाखाना शेजारी असूनही भाषेमुळे किंवा विम्याअभावी तेथे जाऊ न शकणारा माणूस या गणितात दिसत नाही.

सुधारणेचा पहिला मोठा संघटित प्रयत्न १९९८ पासूनचा. केंद्रांना अनुदान देणाऱ्या संघराज्य खात्याने त्या वर्षी आरोग्य-विषमता सहयोग उपक्रम हाती घेतला. एडवर्ड वॅग्नर यांचे दीर्घकालीन आजारांच्या सेवेचे प्रारूप आणि ‘योजा, करा, तपासा, बदला’ हे उद्योगक्षेत्रातून आलेले चक्र यांची त्यात सांगड घातली होती. आरंभ मधुमेहापासून झाला. नंतर दमा, नैराश्य, हृदयविकार आले. केंद्रातील बदल दिसायला किरकोळ असत. उदाहरणार्थ, डॉक्टर येण्यापूर्वीच साहाय्यिका मधुमेही रुग्णाला बूट-मोजे काढून बसायला सांगते. पाय उघडे दिसले की तपासणी विसरली जात नाही. असा बदल आधी मोजक्या रुग्णांवर करून पाहायचा, जमला तर सर्वांना लावायचा. शिवाय मधुमेहींची वेगळी यादी ठेवून, न आलेल्यांना फोन करायचा.

फलिताबाबत अभ्यासक एकमुखी नाहीत. ब्रूस लँडन व सहकाऱ्यांच्या २००७ मधील तुलनात्मक अभ्यासात मधुमेह व दम्याच्या तपासण्या आणि उपचार वाढलेले आढळले, पण रक्तदाबाच्या सेवेत फरक पडला नव्हता आणि साखर वा रक्तदाब प्रत्यक्षात आटोक्यात आल्याचेही दिसले नाही. शिकागोचे मार्शल चिन व सहकाऱ्यांनी अधिक वर्षे पाठपुरावा केला असता साखर व कोलेस्टेरॉल दोन्ही उतरलेले दिसले. दोन्ही निष्कर्षांत विरोध असेलच असे नाही. तपासणी वर्षभरात वाढवता येते, शरीरातील बदलाला त्याहून वेळ लागतो. तथापि दुसऱ्या अभ्यासात स्वतंत्र तुलनागट नव्हता, ही उणीव राहते.

१९९६ पासून केंद्रे एकसमान नमुन्यात वार्षिक आकडेवारी देतात. तीत मधुमेहाचे मोजमाप उलटे आहे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी, ९ टक्क्यांहून अधिक असलेले रुग्ण मोजतात, म्हणजे आकडा जितका कमी तितके चांगले. वर्षभरात ज्याची चाचणीच झाली नाही, तोही ‘अनियंत्रित’ धरला जातो. घर बदलून दुसऱ्या गावी गेलेला, पण आधी त्या वर्षी एखाददुसऱ्या वेळी येऊन गेलेला रुग्ण अशा रीतीने केंद्राचा आकडा बिघडवतो. रुग्णांचे दारिद्र्य लक्षात घेऊन आकडे दुरुस्त करावेत काय, हा त्यातूनच निघालेला वाद. दुरुस्ती केली नाही तर गरिबांना पाहणाऱ्या केंद्रांना शिक्षा होते, केली तर गरिबांसाठी हलका दर्जा मान्य केल्यासारखे होते. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत, ही मधली सूचना त्यातल्या त्यात व्यवहार्य दिसते.

दंतसेवेसाठी प्रमुख मोजमाप एकच आहे : दात किडण्याचा धोका असलेल्या ६ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पहिल्या कायम दाढेवर संरक्षक लेप दिला किंवा नाही. प्रौढांच्या दातांचे तसे मोजमाप नाही.