द बेस्ट ऑफ १९८०-१९९० (यूटू)

द बेस्ट ऑफ १९८०-१९९० हा डब्लिनच्या यूटू या बँडच्या पहिल्या दहा वर्षांतल्या गाण्यांचा संग्रह, आयलंड रेकॉर्ड्सने नोव्हेंबर १९९८ मध्ये काढलेला. कव्हरवर १४ गाणी छापलीत, पंधरावं न सांगता शेवटी घुसवलंय, त्याच्याबद्दल पुढे. यूटू म्हटलं की आता स्टेडियम आणि गायक बोनोचा गॉगल आठवतो, पण १९८० च्या आसपास हा पक्का पोस्ट-पंक (पंक रॉकनंतर आलेल्या, कमी साधनांत नवे आवाज शोधणाऱ्या लाटेतला) बँड होता आणि या संग्रहाची गंमत म्हणा किंवा रडगाणं म्हणा, तेच आहे की नाव १९८० पासूनचं आणि त्या सुरुवातीच्या वर्षांना जागा मात्र जेमतेम.

हिशोबच बघा ना. बॉय (१९८०) या पहिल्या अल्बममधलं एकच गाणं, आय विल फॉलो. ऑक्टोबर (१९८१) मधलं यादीत एकही नाही, ग्लोरियासुद्धा नाही! वॉरची दोन, द अनफर्गेटेबल फायरची तीन, द जोशुआ ट्रीची तीन आणि रॅटल अँड हमची तब्बल चार, म्हणजे अमेरिकेच्या प्रेमात पडलेला, मेम्फिसच्या सन स्टुडिओत ब्लूजवाल्या बी. बी. किंगला घेऊन रेकॉर्डिंग करणारा यूटू इथे भरपूर सापडतो आणि माउंट टेंपल शाळेच्या नोटीस बोर्डवर ड्रमर लॅरी मलनने चिठ्ठी लावली त्यातून १९७६ मध्ये जमलेली पोरं शोधावी लागतात. गाणी सालवारीने पण लावलेली नाहीत, सुरुवात १९८४ च्या प्राइडने होते. त्या गाण्यात मार्टिन ल्यूथर किंगचा खून सकाळी झाला असं येतं, प्रत्यक्षात संध्याकाळी ६ नंतर झाला होता, नंतर स्टेजवर बोनो ते बदलून गायला लागला, पण इथे अर्थात जुनंच रेकॉर्डिंग आहे.

आय विल फॉलो मात्र हेडफोन लावून ऐका. प्रोड्यूसर स्टीव्ह लिलीव्हाइट, जागा डब्लिनचा विंडमिल लेन स्टुडिओ. गिटारिस्ट एजच्या गिटारच्या मागे अधूनमधून काहीतरी खणखण वाजतं, ते कुठलंही महागडं वाद्य नाही, सायकल उलटी करून चाक फिरवायचं आणि तारांवर स्वयंपाकघरातला काटा धरायचा, झालं. सोबत ग्लॉकेनश्पील (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं छोटं वाद्य) आणि बाटल्या फोडल्याचा आवाज. कमी सामानात जास्त करायचं हा पोस्ट-पंकवाल्यांचा जुना धंदा, तो एवढ्या एका गाण्यात कळून जातो.

कव्हरवरचा हेल्मेट घातलेला मुलगा म्हणजे पीटर रोवेन, बॉय आणि वॉरच्या कव्हरवरचाच. हा गुगीचा धाकटा भाऊ, आणि गुगी म्हणजे बोनोचा लहानपणापासूनचा दोस्त आणि व्हर्जिन प्रून्सचा गायक. त्याच व्हर्जिन प्रून्समध्ये एजचा मोठा भाऊ डिक गिटार वाजवायचा, म्हणजे डब्लिनचे हे दोन बँड जवळपास एकाच घरातले, फक्त एक जगभर गेला आणि दुसरा विचित्रच राहिला (मला दोन्ही आवडतात).

यादीतलं उरलेलं चौदावं गाणं स्वीटेस्ट थिंग, त्याची स्टोरी वेगळी आहे. जोशुआ ट्रीच्या रेकॉर्डिंगच्या नादात बोनो बायकोचा, अ‍ॅलीचा वाढदिवस विसरला, मग माफी म्हणून गाणं लिहिलं, ते १९८७ मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला पडून राहिलं. या संग्रहासाठी ते नव्याने करून सिंगल काढला आणि त्याचे पैसे अ‍ॅलीच्या सांगण्यावरून चेर्नोबिलच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. केव्हिन गॉडलीने केलेल्या त्याच्या व्हिडिओत बोनो घोडागाडीत बायकोची मनधरणी करतोय आणि मागून बॉयझोन हा पॉप बँड, रिव्हरडान्सचे आयरिश नाचवाले, हत्ती असं सगळं येत राहतं, एकदम लग्नाची वरात.

सुरुवातीला एक डबल सीडी आली, मर्यादित काळासाठी, दुसऱ्या डिस्कवर १५ बी-साइड्स, म्हणजे सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी. जमलं तर तीच घ्या, कारण स्वीटेस्ट थिंगचं मूळ रूप, यूटूने गायलेलं पॅटी स्मिथचं डान्सिंग बेअरफूट आणि पार्टी गर्ल सगळं तिथेच आहे. साध्या सीडीत यातलं काही मिळत नाही. पुढे याच मालिकेत १९९०-२००० चा संग्रह २००२ मध्ये आला.

आपल्याकडच्या लोकांना यातली गाणी समोरून ऐकायला २०१९ उजाडलं, १५ डिसेंबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. जोशुआ ट्रीचाच टूर होता, त्यामुळे अख्खा अल्बम वाजला आणि इथली तीन गाणी त्यात आलीच.

आणि ते पंधरावं. ऑल आय वॉन्ट इज यूची व्हायोलिनं विरतात, सीडी संपली असं वाटून आपण उठतो, थोडी शांतता जाते आणि एजचा पियानो सुरू होतो, ऑक्टोबर, जेमतेम सव्वादोन मिनिटं. ऑक्टोबर याच नावाच्या त्या आख्ख्या अल्बममधून घेतलेलं एवढंच, तेही लपवून.